बैलाचे दात बघणारा माणूस फोटोही बघतो

उदगीर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र या वेळी घेते आहे. थोडं कमी करून, पण त्यांच्याच शब्दांत:

‘ताई, माझं वय ३१. लग्नाचे, बारशाचे फोटो काढून घर चालवतो. गेली चार वर्षं हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात जाऊन फोटो काढतोय. त्यातले ४२ निवडले आणि डिसेंबरात लातूरला हॉल घेऊन तीन दिवसांचं प्रदर्शन लावलं. नाव दिलं “मूक स्पंदने”. फ्रेमा, हॉल, पत्रिका, उद्घाटनाचे हार-शाली धरून ३८ हजार गेले. नोंदवहीत ६३ सह्या झाल्या. त्यातल्या निम्म्या नात्यातल्या नाहीतर फोटोग्राफर मित्रांच्या. हॉल मिळाला त्या तारखांमध्ये येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आली. दुसऱ्या दिवशी मी दुपारपर्यंत एकटाच बसून होतो. बैल विकल्यावर त्याच्या मानेत तोंड खुपसून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोटो आहे, त्याला ऑनलाइन स्पर्धेत बक्षीस मिळालंय. लातुरात त्याच्यासमोर कुणी दोन मिनिटं थांबलं नाही. मित्र म्हणतात, मराठवाड्यात कलेला प्रेक्षक नाही, पुण्या-मुंबईला जा. वडील म्हणतात, तेवढ्यात लेन्स आली असती. मी परत प्रदर्शन करावं का? केलं तर माणसं आणू कुठून?’

भाऊ, तुम्ही ताई म्हणालात म्हणून मोकळं लिहिते. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तुमचं जेवढं वय तेवढी. त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून दाराकडे बघत राहणं काय असतं ते मला माहीत आहे.

आधी तारखेचं बोलू. येळवशीला लातूर शहरात दुकानं उघडी नसतात, रस्त्यावर माणूस नसतो. सगळं गाव शेतात, कडब्याच्या कोपीपुढं भज्जी-आंबील घेऊन बसलेलं. त्याच सुमाराला नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथं घोडे, गाढवं, बैल, पशुप्रदर्शन असं सगळं असतं. म्हणजे तुमचे फोटो ज्याला वाचता येतात असा माणूस त्या तीन दिवसांत एकतर शिवारात होता नाहीतर माळेगावात. एवढ्यावरून ‘प्रेक्षक नाही’ असा निकाल कसा लावता येईल? वर्षातल्या नेमक्या त्या तीन दिवसांत प्रेक्षक दुसरीकडे होता, इतकंच त्यातून कळतं.

आणि प्रेक्षक कोण, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघितलंय. हाळीच्या बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस आठवा. तो आधी लांब उभा राहतो. जनावर चालवून दाखवायला सांगतो, मागून चाल बघतो, पुढून छाती बघतो. मग जवळ येऊन ओठ वर करतो आणि अदत आहे (पक्का दात अजून आलेला नाही), दोन दाती आहे की जुळलाय (सगळे पक्के दात आलेत) ते बघतो. वशिंडावरून, पाठीवरून हात फिरवतो. खूर दाबतो. अंगावरचे भोवरे कुठं आहेत ते शोधतो. अर्धा-पाऊण तास त्याची नजर एका जनावरावरून हलत नाही. इतक्या बारकाईनं एका आकाराकडे बघणारी माणसं मला कलामहाविद्यालयातही फार थोडी भेटली. रंग, ठेवण, प्रमाण, तोल हे सगळं त्याला कळतं. फक्त त्या कळण्याला कुणी कला म्हणत नाही आणि त्यालाही तसं कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की प्रदर्शन पुन्हा करा, आणि या माणसासाठी करा. बाकीचं सगळं त्यातून निघतं.

नावापासून सुरुवात करू. ‘मूक स्पंदने’ वाचून आत बैल आहेत हे कुणाला कळणार? तुम्ही पाठवलेल्या पत्रिकेत फोटोंची नावं आहेत: ‘शोध’, ‘अस्तित्व’, ‘मौन १’, ‘मौन २’. उपरण्याखाली दोन हातांची बोटं एकमेकांना भाव सांगतायत, तो फोटो फार चांगला आहे. दलालाच्या मनगटावरचं घड्याळ आणि शेतकऱ्याच्या अंगठ्याची फुटलेली कातडी एकाच उजेडात आलीय. त्याला तुम्ही ‘मौन २’ म्हणता! त्याखाली लिहा: कुणाचा हात, कोणतं गाव, कोणत्या साली, कितीला सौदा तुटला. गावाचं नाव दिसलं की माणूस थांबतो. आपल्या पाहुण्यांचं गाव असेल तर दुसऱ्याला हाक मारून आणतो. प्रदर्शनाचं नावही साधं ठेवा: ‘हाळीचा बाजार, चार वर्षांचे फोटो’. कवितेचा हट्ट सोडवत नसेल तर ती फोटोत असू द्या. तिथं ती आहेच.

मथळे लिहून झाले की छापण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा. ‘देवणी बैल’ एवढं जातीचं नाव लिहून भागत नाही. अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजूंना काळं असेल तर तो वानेरा. अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके असतील तर शेवेरा. लाल कंधारी या दुसऱ्या जातीचा फोटो देवणीत घातलात तर तुमच्या बाकीच्या ४१ फोटोंवरचाही विश्वास जाईल. शहरातल्या गॅलरीत ही चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही, आपल्याकडे पहिल्या पाच मिनिटांत येईल. प्रेक्षक नसलेल्या मुलखात असं घडतं का, तुम्हीच सांगा.

आता उंबरठ्याचं. एका वर्षी आम्ही शाळेच्या मोठ्या खोलीत मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन लावलं होतं. सतरंजी अंथरलेली, दारात रांगोळी, आत टेबलावर निळ्या कापडावर नोंदवही. दुपारी चार-पाच बाया आल्या, मुलांच्या आया. शेतातून तशाच आल्या होत्या. दाराबाहेर चपला काढून त्या तिथंच उभ्या राहिल्या. एकीनं मला विचारलं, ‘बाई, आत आलं तर चालतंय का?’ तिच्याच पोरीचं चित्र आत होतं. मी हाताला धरून आत नेलं, पण ती भिंतीपासून चार हात लांब उभी राहून, पदर तोंडाला लावून बघत राहिली आणि लगेच निघाली. त्या रात्री मला झोप आली नाही. आम्ही मेहनतीनं जे जे सजवलं होतं, त्या सगळ्यानं मिळून तिला दारात थांबवलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही चित्रं काढून शाळेच्या कुंपणावर, रस्त्याच्या बाजूनं, दोरीला चिमट्यांनी लावली. संध्याकाळी ती बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चित्रापुढं उभी होती. भारा खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं. किती वेळ उभी होती ते मी मोजलं नाही, पण दिवेलागण झाली होती.

तुमच्या लातूरच्या हॉलला काचेचं दार होतं, उद्घाटनाला शाल-श्रीफळ होतं, पाहुणे दोन तास उशिरा आले असं तुम्हीच लिहिलंय. अशा ठिकाणी बाजारातला माणूस येत नाही, कारण तिथं आपल्याला कुणी बोलावलंय असं त्याला वाटतच नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना, म्हणजे बैलाचे खांदे चोळताना, आपण बैलालासुद्धा कानात सांगतो, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ बैलाला जे देतो ते बैलवाल्याला द्यायला नको का? व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकलेली पत्रिका म्हणजे आवतण नव्हे. ज्यांचे फोटो आहेत त्यांच्या घरी जाऊन सांगा. ४२ फोटोंत समजा तीसेक माणसं ओळखू येतात. ती तीस घरं तुमची पहिली पत्रिका. ते आपापल्या गावातून दहा जणांना घेऊन येतील.

जागेसाठी हॉल शोधत बसू नका. माणूस जिथं आधीच थांबलेला असतो तिथं फोटो न्या. दसरा-दिवाळीनंतर सोयाबीन निघतं तेव्हा लातूर, उदगीरच्या मार्केट यार्डात शेतकरी माल टाकून सौद्याची, मापाची वाट बघत तासन् तास बसलेला असतो. अडत दुकानापुढच्या पत्र्याच्या शेडखाली सावली असते, माणसं असतात, वेळ असतो. बाजार समितीला अर्ज करा आणि दोन दिवस मागा. एसटी स्टँडवर आगारप्रमुखांना भेटा. देवळाचा सभामंडप, झेडपीच्या शाळेचा व्हरांडा, कृषी सेवा केंद्राची बाहेरची भिंतही चालेल. आणि खुद्द हाळीचा बाजार तर आहेच. फोटो जिथं काढले तिथंच ते लावले तर बाजार स्वतःकडे बघेल. पशुप्रदर्शन, कृषी प्रदर्शन हे शब्द आपल्याकडच्या माणसाच्या रोजच्या ओळखीचे आहेत. एका मांडवातून दुसऱ्या मांडवात बघत फिरायची त्याला सवय आहे. तीच सवय फोटोंपुढं कामाला येईल.

उघड्यावर लावायचं तर काचेच्या फ्रेमा घरी ठेवा. काचेत ऊन चमकतं आणि बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं. माझं मत कापडाच्या बाजूनं आहे. कापडावर फोटो चांगले छापून मिळतात, घडी घालून पिशवीत बसतात, एसटीनं नेता येतात, दोरीवर लटकवता येतात. आपल्या मुलखाला कापड वाचायची सवयही जुनी आहे. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, पंचीकरण हा वेदान्तातला विषय लिहून, आकृत्या काढून ठेवलंय, आणि ते कडेकडेनं चालत चालत बघायचं असतं. तुमचा सगळा बाजार तसा एका लांब कापडावर मांडता आला तर? पहाटे टेम्पोतून बैल उतरतात तिथून सुरुवात, आणि संध्याकाळी रिकाम्या दाव्यांवर शेवट. माझ्या डोळ्यांपुढं ते आत्ताच उभं आहे.

सगळेच फोटो मोठे करू नका. बारा बाय अठरा इंचाचे पंचवीसेक पुरेत, आणि चार-पाच मात्र दोन बाय तीन फुटांचे. तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून तेवढा आकार बिनधास्त निघतो, कारण इंचाला दीडशे ठिपके (डीपीआय) भरून वर थोडं उरतं. कागदावर छापलात तर मॅट घ्या, चकचकीत नको. शहरातल्या गॅलरीत फोटोचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर ठेवतात. आपल्याकडे बाया, पोरं, खाली बसलेली म्हातारी माणसं बघणार आहेत, तेव्हा साडेचार फुटांवर आणा. मथळ्याची अक्षरं दोन पावलांवरून चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत. लाइट जाणार हे धरूनच दिवसाच्या उजेडात लावा.

आता त्या बक्षिसाच्या फोटोबद्दल. यावर मी सगळ्यात जास्त विचार केला.

भाऊ, त्या म्हाताऱ्या बाबांनी तो फोटो पाहिलाय का? पत्रात तुम्ही त्यांचं नाव लिहिलेलं नाही. तुम्हाला ते माहीत असेल अशी आशा करते. स्पर्धेच्या परीक्षकांसाठी तो ‘एक शेतकरी’ होता. उदगीर तालुक्यात तो अमक्याचा बाप आहे, तमक्याचा सासरा आहे. बैल विकायची वेळ का आली हे कदाचित त्यानं भावकीतही सांगितलेलं नसेल. मुलीच्या सासरचं कुणी त्या फोटोपुढं उभं राहिलं तर काय होईल? मुंबईत लावताना हा प्रश्न येत नाही, इथं येतो. इथं प्रदर्शन करणं अवघड आहे ते माझ्या मते यासाठी, गर्दी जमत नाही यासाठी नव्हे.

आपल्या मुलखाचे फोटो तसे पूर्वीपासून निघत आलेत. ते इथून जातात, परत येत नाहीत. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याच्या कामाला आला, वर्षानुवर्षं भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करत राहिला. त्या इंग्लंडला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. १८६०च्या दशकात त्यानं लेण्यांचे फोटोही काढले. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा दरबारचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी वेरूळचे फोटो काढले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ला भूकंप झाला तेव्हा देशभरातून कॅमेरे आले. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हाही आले. ढिगाऱ्यापुढची बाई, कोरड्या विहिरीत उतरलेलं पोर, भेगाळलेली जमीन, हे सगळं छापून आलं, लोकांनी हळहळून पाहिलं. त्या फोटोतल्या किती जणांच्या हातात त्याची एक प्रत पडली असेल? मी त्या भूकंपाच्या भागात नंतर शिबिरांसाठी गेले होते. तिथल्या एका आजीनं मला विचारलं होतं, ‘आमचे फोटू काढून नेले, ते कुठं ठेवलेत गं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्ही बाहेरून आलेला कॅमेरा नाही. त्याच बाजारात तुमच्या आजोबांनी बैल घेतले असतील. म्हणून एक काम प्रदर्शनाच्या आधी करा. ज्यांचे ज्यांचे चेहरे ओळखू येतात त्यांना फोटोची एक चांगली प्रत हातात द्या. आठ बाय बाराची प्रत फार महाग पडत नाही. उद्घाटनाच्या हार-शालींचा खर्च इकडे वळवा. फोटो देताना विचारा, ‘हा चारचौघांत लावला तर चालेल का?’ नको म्हणाले तर काढून ठेवा, मग तो बक्षिसाचा का असेना. हो म्हणाले तर खाली काय लिहायचं तेही त्यांनाच विचारा. त्यांच्या तोंडचं एक वाक्य तुमच्या दहा मथळ्यांना भारी पडेल. उद्घाटनही त्यांच्यातल्याच कुणाच्या हातून करा. नारळ फोडायला पुढाऱ्याची वाट बघत दोन तास बसायचं, मग ग्रुप फोटो झाला की मांडव रिकामा, हे पुन्हा नको.

प्रदर्शनात तुम्ही स्वतः उभे राहा, पण समजावून सांगू नका. विचारा. ‘हे जनावर कसं वाटतं?’ एवढं पुरे. पुढचा अर्धा तास समोरचा माणूस बोलेल. नोंदवही ठेवा, पण अभिप्राय लिहायचं म्हटलं की लिहिता न येणारा मागं सरतो आणि लिहिता येणारा ‘खूप सुंदर’ लिहून सुटतो. प्रत्येक फोटोखाली एक वाटी ठेवा आणि येणाऱ्याच्या हातात ज्वारीचे पाच दाणे द्या. जो फोटो आवडला त्याच्या वाटीत दाणा टाकायचा. पाचच दाणे असले की माणूस परत मागं फिरून बघतो, कुणाला द्यावा याचा विचार करतो. आम्ही शाळेत हे केलंय. पोरं एका चित्रापुढून दुसऱ्याकडे आणि पुन्हा पहिल्याकडे येरझाऱ्या घालायची.

शाळांचा विषय निघालाच आहे तर, तालुक्यातल्या चित्रकला शिक्षकांना भेटा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी मुलं जवळपास प्रत्येक हायस्कुलात असतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून बसतात, तरी वर्षभर हातात पेन्सिल असतेच. त्यांना बैलाचं चित्र काढायला फोटोपुढं तासभर बसवा. घरी जाऊन ती आई-बापाला ओढून आणतात, हा माझा ३१ वर्षांचा अनुभव आहे.

आणि तीन दिवसांवर थांबू नका. मुंबईत जहांगीर कलादालन १९५२ साली उघडलं. तेव्हापासून रस्त्यानं जाणारा माणूस सहज आत शिरतो, कारण दार रोज उघडं असतं. आपल्याकडे दार वर्षातून एकदा उघडतं आणि बिनगर्दीचं बंद होतं. तुमच्या स्टुडिओजवळच्या चहाच्या हॉटेलवाल्याला एक भिंत मागा. तिथं दर सोमवारी एक फोटो, फक्त एक. पुढच्या सोमवारी तो काढून दुसरा. खाली गाव, माणूस, तारीख. पहिला महिना कुणी विचारणार नाही. मग एखाद्या सोमवारी तुम्हाला उशीर होईल आणि कुणीतरी विचारेल, ‘आज फोटू बदलला नाही का?’ तो तुमचा पहिला प्रेक्षक समजा.

पैशांचं थोडक्यात सांगते. तिकीट नको. छापील प्रती विकायला ठेवा, किंमत उघड लिहा. दुकानदारांकडून मदत घ्या, पण त्यांचा फ्लेक्स फोटोंपेक्षा मोठा होणार नाही हे आधीच बोलून घ्या. वडिलांना लेन्सचं उत्तर देण्याच्या भानगडीत पडू नका. त्यांना बरोबर घेऊन हाळीला जा, दात मोजताना त्यांचा एक फोटो काढा आणि तोही लावा.

पुण्या-मुंबईलाही जरूर जा, मी अडवत नाही. तिथं शिकायला मिळेल, कामाला भाव मिळेल. पण आधी इथं लावा. मग तिथं कुणी विचारलं की हे बाबा कोण, तर तुम्हाला गावाचं नाव, बैलाचं नाव आणि त्यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट सांगता येईल.

पोळ्याला अजून वेळ आहे. त्याआधी त्या बाबांचं गाव शोधून काढा आणि फोटो घेऊन जा. एकटे जा, कॅमेरा नेऊ नका. ते काय म्हणाले, ते मला कळवा. फोटो लावू नका म्हणाले असतील तरी कळवा.